सोजराबाईनं अंगठा दिला नाही

हिवरगव्हाणात सोजराबाईशी भांडण काढायचं असेल, तर माणूस घरून जेवून निघत असे. कारण ते भांडण लवकर आटपत नसे, आणि मध्येच पाणी मागितलं तर ती पाणी देई, पण मुद्दा सोडत नसे. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की विहिरीवर बोलली तर पाणंदीतल्या बैलांनी कान टवकारावेत. मोताळ्याच्या आठवडी बाजारात तिच्या वांग्यांना हात लावून, दाबून, नाक मुरडून गेलेलं गिऱ्हाईक परत आलं, की ती सगळ्यांदेखत विचारायची, "काऊन वं माय, दुसऱ्याची वांगी तुह्यावर रुसली काय?" आणि मग दोन वांगी वर टाकायची. तोंडानं तोडायचं आणि हातानं जोडायचं, ही तिची रीत.

महाराष्ट्र होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. गाव मोताळ्याहून दोन कोसांवर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. माळ्याच्या घरची ही बाई. अडीच एकर बागाईत, एक विहीर, एक मोट, बैलजोडी आणि एक ठासणीची बंदूक, एवढा तिचा संसार. नवरा तुळशीराम दोन पावसाळ्यांमागे मुदतीच्या तापानं गेला होता. लेक वरवट बकालला नांदत होती. घरात उरल्या दोघीच. सोजराबाई आणि तिची थोरली जाऊ झुंबरबाई, तीही विधवा. दोघी दिवसभर एकमेकींवर कुरकुरत आणि एकीनं जेवल्याशिवाय दुसरी जेवत नसे.

बाई काही माळकरी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की ही मुंगीलाही साखर घालणारी साध्वी होती. तसलं काही नाही. भुईमुगात शिरलेलं डुक्कर तिनं स्वतः बंदुकीनं पाडलं होतं, एकदा नाही, तीनदा. ते सोलायलाही तीच बसायची, वाटे घालायलाही तीच, आणि रस्सा इतका जहाल करायची की झुंबरबाई डोळे पुशीत पुशीत दुसरी भाकर मागायची. जनावराचं पोट फाडलं की आधी ती ओझडी, म्हणजे चाऱ्याची पिशवी, उघडून बघे. ओझडीत काय निघतं त्यावरून जनावर कुठं चरून आलंय ते कळतं. "हे पाहा, ह्यानं रामरावाच्या वावरातल्या शेंगा खाल्ल्या अन् मार माह्या इथं खाल्ला," असं म्हणून ती हसत असे. आपल्या हातानं मारलेल्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाटलं असं तिनं कधी ढोंगही केलं नाही.

पण त्या घराची एक चाल होती. तुळशीरामच्या बापानं ती पाडली होती आणि सोजराबाई लग्न होऊन आल्यापासून ती पाळत होती. वैशाखात डोंगरातले झरे आटले, की दिवसातली शेवटची मोट पिकाला द्यायची नाही. ती डोणीत ओतायची. डोण म्हणजे विहिरीच्या पल्याड, बांधाच्या बाहेर ठेवलेलं दगडाचं लांबट भांडं. तिथं सांजच्याला हरणं येत, रोही येत, मोर येत, आणि डुकरंसुद्धा येत. त्या पाण्यावर बंदूक चालवायची नाही, कुत्रं सोडायचं नाही, खडा मारायचा नाही. तेच डुक्कर पाणी पिऊन बांध ओलांडून भुईमुगात आलं, तर मात्र त्याला सोडायचं नाही. सोजराबाई म्हणायची, "पान्यावर हाय तवरोक पाहुना. बांधाच्या आत आला का चोर. पाहुन्याले मारू नाई अन् चोराले सोडू नाई." एवढंच तिचं शास्त्र. ते कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं, पण त्या घरात मोडलं जात नव्हतं.

आता बंदुकीचं. पिकाच्या राखणीचा परवाना तुळशीरामच्या नावावर होता. माणूस गेला की त्याच्या नावाचा परवानाही जातो, हे सोजराबाईला वर्षभरानं कळलं. तिनं स्वतःच्या नावानं अर्ज दिला. अर्ज तहसिलीत जाऊन बसला आणि तिथला थंडावा त्याला मानवला असावा, कारण तो काही बाहेर येईना. निकाल लागेपर्यंत बंदूक घरात राहील असं तोंडी सांगण्यात आलं होतं. इकडं डुकरांनी उच्छाद मांडला होता. मागल्या साली एका खवळलेल्या डुकरानं त्यांच्या पाखऱ्या बैलाचं पोट फाडलं होतं. तो बैल झुंबरबाईनं वासरापासून वाढवलेला. त्या दिवसापासून झुंबरबाई बंदूक उशाशी असल्याशिवाय डोळा मिटत नसे. बंदूक म्हणजे त्या घरातलं तिसरं माणूसच होतं म्हणा ना.

त्या वैशाखात एक दिवस सोजराबाई मोताळ्याच्या बाजाराला गेली. पाट्या रिकाम्या करून परत येताना सूर्य डोंगराला टेकला होता. गावाच्या अलीकडच्या नाल्यात उतरली आणि तिला बार ऐकू आला. एकच. आवाज तिच्या विहिरीकडून आला आणि तो तिच्या ठासणीच्या बंदुकीचा नव्हता, हे तिला ऐकताक्षणी कळलं. डोक्यावरच्या पाट्या नाल्यातच टाकून ती पळाली.

विहिरीवर पोचली तेव्हा तिथं एक जीप उभी होती. गावचे पाटील अर्जुनराव उभे होते आणि त्यांचे पाहुणे, बुलढाण्याचे कुणी मोठे साहेब, कोट काढून घाम पुशीत होते. साहेब दुपारपासून मोटेच्या धावेच्या आडोशाला, जिथून बैल खाली उतरतात तिथं दबा धरून बसले होते. डोणीत तोंड घातलेली हरणी तशीच पडली होती. तोंड पाण्यात, अंग बाहेर. पाणी लाल झालं होतं.

"वहिनी, सायबाचा नेम पाह्यला काय?" अर्जुनराव हसत म्हणाले. "एकाच गोयीत!"

नेम! पाच पावलांवर, पाणी पिणाऱ्या जनावरावर नेम! आंधळ्यानंही मारलं असतं.  पण पन्नास वर्षांत पहिल्यांदा सोजराबाईच्या तोंडून शब्द फुटेना. साहेबांच्या माणसांनी बांधाजवळच्या निंबाखाली हरणीचं पोट फाडलं, आतडी-ओझडी तिथंच टाकली आणि धड जीपमध्ये घातलं. जाताना साहेब म्हणाले, "बाई, तुमची ही पाण्याची जागा फार उत्तम आहे. अगदी शिकारीसाठीच बांधल्यासारखी."

जीप गेली. झुंबरबाई विहिरीवरच्या झोपडीच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. ती म्हणाली, "मी नाई म्हटलं होतं वं. पन पाटील होते सोबत, मी काय बोलू?"  सोजराबाईनं डोण आडवी करून सगळं पाणी सांडलं, दगड घासला, बैल जुंपले आणि नवी मोट ओढली. निंबाखालच्या घाणीवर कुत्री येऊन पाण्याभोवती गोंधळ घालतील म्हणून तिच्यावर बोराटीचा फास, म्हणजे काटेरी फांद्यांचा भारा, ओढून ठेवला.  तिला राग साहेबाचा होताच, पण त्याहून जास्त एका गोष्टीचा होता. तिनं ओतलेल्या पाण्याचं त्यांनी आमिष केलं होतं. हरणी तिच्या भरवशावर आली होती. म्हणजे त्या हरणीला फसवण्यात तिचाही हात लागला, असं तिला वाटलं आणि मग मात्र ती डोणीपाशी बसून मोठ्यानं रडली.

हे प्रकरण इथंच मिटलं असतं. अशी प्रकरणं मिटतातच. पण वाटेतल्या नाक्यावर जंगलखात्याच्या एका नव्या गार्डानं जीप थांबवली. साहेबांकडं शिकारीचा परवाना होता, पण त्यावर मादी मारायला मनाई होती. साहेबांनी सांगितलं, की ही शिकार नव्हे, पिकाची नासधूस करणारं जनावर एका बाईच्या विनंतीवरून मारलं. गार्ड नवा होता म्हणून म्हणाला, "मग त्या बाईचा जबाब आणून द्या."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्जुनराव पाटील विहिरीवर हजर. सोबत माणिकराव कारकून, काखेत कागद आणि शाईची डबी घेऊन. आणि पंच म्हणून उकंडराव. उकंडराव हे गावचे कायमचे पंच. चोरी होवो, आग लागो, कुणी विहिरीत पडो, पंचनाम्यावर सही उकंडरावांची. काय लिहिलंय हे त्यांनी जन्मात विचारलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना ते सोयीचे पडत.

अर्जुनराव मोठ्या अदबीनं बाजेवर बसले. "वहिनी, काहीच नाई, एक अंगठा पाह्यजे. माणिकराव, वाचा."

माणिकराव मोताळ्यात वाढलेले. कचेरीची पायरी चढण्याआधी ते शाळेची चढत होते आणि वावरात कधी उतरलेच नव्हते. त्यांनी घसा साफ करून वाचलं, "मी, सोजराबाई, तुळशीरामची विधवा, लिहून देते की, काल रोजी माझ्या शेतातील उभ्या ज्वारीच्या पिकात हरणी शिरून नासधूस करीत असता, मी साहेबांस विनंती..."

"थांबा," सोजराबाई म्हणाली. "कायच्या पिकात?"

"ज्वारीच्या."

"वैशाखात?"

माणिकरावांनी कागदाकडे पाहिलं, मग आभाळाकडे. उकंडरावांनी खाली मान घातली, पण त्यांचे खांदे हलत होते.

"बाप्पा!" सोजराबाईनं कपाळाला हात लावला. "वैशाखात जिथी जवारी उभी राह्यते, त्या गावचा पत्ता सांगा मले. मी अटीचं विकून तिथीच वावर घेतो."

अर्जुनराव ओशाळे हसले. "चुकलं हो. ते खोडा माणिकराव, भुईमूग लिहा. बाईचा भुईमूग उभा हाय ना?"

"उभा हाय," सोजराबाई म्हणाली, "चला, पाहून घ्या त्याले. पंच हायेत ना सोबत? पंचाईनं पाहाले पाह्यजे."

ती पुढं निघालीच. मागं वळून कोण येतंय ते बघायची तिला सवय नव्हती. तिघं नाइलाजानं तिच्यामागून भुईमुगाच्या वाफ्यांवरून चालले. कालचं पाणी दिलेल्या ओल्या वाफ्यात मांजर चाललं असतं तरी उमटलं असतं. हरणीच्या खुराचा एक ठसा नव्हता. ठसे होते ते डोंगराकडून डोणीपर्यंत आलेले, बांधाच्या बाहेरून, एका ओळीत. डोणीपाशी संपलेले.

"पाह्यलं?" तिनं विचारलं. "एक पान खाल्लं असन तर दाखवा."

"रात्री... अगोदर येऊन गेली असंन," माणिकराव पुटपुटले. त्यांना आता जबाबापेक्षा ऊन टाळायचं होतं.

"हाव? मंग तेबी पाहू."

ती निंबाखाली गेली. बोराटीचा फास बाजूला केला. माश्यांचा घोंगावा उठला. कमरेचा विळा काढून, पदर खोचून ती खाली बसली आणि आजवर शंभरदा केलेल्या सफाईनं तिनं हरणीची ओझडी उभी चिरली. माणिकराव नाकाला रुमाल लावून चार पावलं मागं सरले. सोजराबाईनं दोन्ही हातांनी आतला चोथा बाहेर काढला आणि मातीवर पसरला.

"या उकंडराव. जवळ या. काय हाय हे?"

उकंडराव वाकले. त्यांचंही आयुष्य वावरातच गेलं होतं. त्यांनी एका काडीनं चोथा इकडंतिकडं केला. वाळलं कुसळाचं गवत. बाभळीच्या शेंगा, काही अर्धवट चावलेल्या. दोनचार बोरीची पानं. एवढंच.

"बाभयीच्या शेंगा दिसून राह्यल्या," ते हळूच म्हणाले.

"भुईमूग?"

उकंडरावांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. अर्जुनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. उकंडरावांच्या ओठांवर आलेला शब्द परत घशात गेला आणि ते उठून धोतर झटकू लागले. पण त्यांनी 'आहे' असंही म्हटलं नाही. उकंडरावांच्या मानानं ती फार मोठी मर्दुमकी होती.

"हा माहा पंचनामा," सोजराबाई हात मातीला पुशीत म्हणाली. "हा लिहून घ्या. ह्याच्यावर देतो अंगठा."

मग अर्जुनरावांनी हसणं सोडलं. ते वाईट मनुष्य नव्हते, फक्त पाटील होते. तिला बाजूला घेऊन ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, आयका माहं. तुमच्या बंदुकीचा कागद तहसिलात कायले अडून हाय, तुमाले ठाव हाय? कोनी शब्द टाकनारा नाई म्हनून. सायबानं एक शब्द टाकला का झालं. आज अंगठा, पुढच्या हप्त्यात परवाना. नाई तर पंधरा दिवसात बंदूक ठान्यात जमा करा असा हुकूम येईन. मंग डुकराईले काय आरती ओवायता?"

झुंबरबाई हे ऐकत होती. ती धावत आली आणि तिनं जावेचा हात धरला. "दे वं अंगठा," ती म्हणाली. "दे माय. पाखऱ्याचं पोट मी ह्या हातानं धरून बसली होती. तू पाह्यलं ना? बंदूक गेली तं आपन दोघी बाया काय करनार? एका अंगठ्यानं काय बिघडते?"

 खोटं कशाला सांगा, सोजराबाई डगमगली. झुंबरबाईचा हात तिच्या हातात होता, आणि पाखऱ्याचं रक्त तिनंही पाहिलं होतं. पंधरा दिवसांत शेंगा भरायच्या होत्या, नेमक्या तेव्हाच डुकरं येणार. अर्जुनरावांनी ते ओळखलं आणि लोखंड तापलंय तोवर घाव घालावा म्हणून घाईनं म्हणाले, "अन् वहिनी, ते जनावर तं मेलं. तुमी अंगठा नाई देल्ला तं काय जित्तं होते?"

ते हे बोलले नसते तर कदाचित तिनं अंगठा दिलाही असता. पाटलांची जीभ इथं पाटलांनाच नडली.

"नाई होत जित्तं," सोजराबाई म्हणाली. तिचा आवाज अख्ख्या वावरात घुमला. "मेली ते मेली. मारली ते मारली. पन पाटील, तिले चोर कायले म्हनता? पाहुनी आली होती ते माह्या दारी. पानी पेता पेता मारली तुमी, अन् आता मले म्हनता लिहून दे का ते चोर होती! तिले तोंड असतं तं ते बोलली असती. तिले तोंड नाई म्हनून माहा अंगठा पाह्यजे तुमाले? नाई देत. बंदूक घेऊन जा, पन अंगठा नाई देत."

"पस्तावसान वहिनी."

"पस्ताईन. तो माहा पस्तावा राहीन, तुमाले नाई मांगत त्यातला वाटा."

झुंबरबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तिनं अर्धीच भाकर खाल्ली. सोजराबाईनं तिला समजावलं नाही, कारण समजावण्यासारखं काही नव्हतं. झुंबरबाईचं म्हणणं खोटं नव्हतं आणि सोजराबाईचंही. तिसऱ्या दिवशी झुंबरबाई आपणहून उठली, तिनं जुना पत्र्याचा डबा शोधून काढला आणि काठीनं बडवून पाहिला. "आवाज तं बरा येते," एवढंच म्हणाली.

साहेबाचं काही वाकडं झालं नाही, हे सांगायला हवं का? अर्जुनरावांनी स्वतःच्याच वावराच्या नावानं जबाब लिहून दिला. त्यांच्या वावरात वैशाखात ढेकळांशिवाय काही नव्हतं, पण ते बघायला कुणी गेलं नाही. पंच म्हणून उकंडरावांची सही होतीच. नव्या गार्डाची बदली झाली. आणि हुकूम आला तो मात्र दिलेल्या शब्दाप्रमाणे बरोबर पंधराव्या दिवशी. सोजराबाईचा अर्ज नामंजूर, बंदूक ताबडतोब ठाण्यात जमा करावी. सरकारी कागद इतक्या वेळेवर आलेला गावानं तोवर पाहिला नव्हता.

ती बाजाराचाच दिवस धरून निघाली. झुंबरबाई म्हणाली, "गोनपाटात गुंडाळून ने वं, लोक पाहातीन." सोजराबाईनं गोणपाट फेकून दिलं. "पाहू दे ना. मी काय चोरून आनली?" बंदूक उघडी खांद्यावर टाकून ती मोताळ्याच्या भर बाजारातून चालत गेली. मिरच्यावाल्या बायांनी विचारलं, कापसाच्या गाडीवाल्यांनी विचारलं, आणि ज्यानं ज्यानं विचारलं त्याला तिनं उभं राहून सगळं सांगितलं, साहेबासकट, पाटलासकट, वैशाखातल्या ज्वारीसकट. ठाण्यापर्यंत पोचायला तिला दीड तास लागला आणि मागं वीसेक माणसं झाली.

ठाण्यात हवालदार एकटे होते. फौजदार कुठंतरी बंदोबस्ताला. हवालदारांनी रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, गाव लिहिलं, बंदुकीचं वर्णन लिहिलं आणि शाईची डबी पुढं केली. "ठेवा बाई अंगठा."

"काय लिहिलं ते वाचा."

हवालदारांनी वाचलं. शेवटच्या रकान्यात होतं, कारण : परवाना नसल्यामुळे.

"हे बराबर नाई," सोजराबाई म्हणाली. "परवाना काऊन नाई, ते लिहा."

"तेवढी जागा नाई रकान्यात."

"बारीक लिहा."

"बाई, हे सरकारी रजिस्टर हाय. तुही चोपडी नाई."

"सरकारी हाय म्हनूनच सांगून राह्यलो. खरं लिहा, अंगठा घ्या, बंदूक घ्या. मी काई नाई म्हनत नाई."

आणि ती बाकावर बसली. बंदूक मांडीवर आडवी. बाहेर माणसं दाराशी वाकून बघत होती. हवालदारांनी आधी दटावलं, मग समजावलं, मग कपाळाला हात लावला. अंगठ्याशिवाय बंदूक जमा होत नव्हती, आणि बंदूक जमा झाल्याशिवाय हुकूम तामील होत नव्हता. बाईला हाकलावं तर बंदूक तिच्यासोबत जाणार. ओढून घ्यावी तर वीस माणसं दारात, आणि हवालदार मनानं बरा माणूस. ऊन चढलं. घरून आलेला त्यांचा डबा टेबलावर तसाच पडला होता. मांडीवर बंदूक घेऊन बसलेल्या बाईला ठाण्यात एकटं सोडून जेवायला कसं बसावं, हे त्यांना शिकवलेलं नव्हतं.

"जेवून घ्या ना हवालदारसायेब," सोजराबाई मायेनं म्हणाली. "मी बसलो अटी. बंदुकीवर ध्यान देतो."

हवालदारांनी डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि टाक उचलला. "सांग," ते म्हणाले. "काय लिहू?"

तिनं सांगितलं. ते लिहीत गेले, रकाना संपला तसं खाली, मग आडव्या समासात. लिहून झाल्यावर सोजराबाई उठली आणि तिनं दारातून बाहेर कुणा वाचणाऱ्याला हाक दिली, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि कागदावर तिचा एवढ्यात विश्वास उरला नव्हता. झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे वामनराव आत आले. त्यांनी चष्मा लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"हरणी पाण्यावर मारली असता, तिने पिकाची नासधूस केली असे खोटे लिहून दिले नाही, म्हणून परवाना नामंजूर. सबब बंदूक जमा."

 सोजराबाईनं पदरानं अंगठा स्वच्छ पुसला, शाईत बुडवला आणि रजिस्टरावर असा दाबला की हवालदारांनी टेबल धरलं. मग बंदूक उचलून टेबलावर ठेवली. तिच्या दांड्याला तुळशीरामच्या हाताच्या घामानं आलेला काळपटपणा होता, त्यावरून तिनं एकदा हात फिरवला. डोळे भरून आले ते तिनं लपवले नाहीत.

हवालदार डबा उघडता उघडता थांबले. "बाई," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आता डुकराईचं काय करसान?"

"हाकलीन. डबा वाजवीन, गोफन चालवीन. अर्धा भुईमूग जाईन, जाऊ दे." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "डुक्कर बरं हो हवालदारसायेब. ते शेंगा खाते, पन दुसऱ्यानं खाल्ल्या असं कागदावर लिहून नाई मांगत."